चौदा नंबरचं कार्ड

आपण न केलेलं काम आपल्याच नावावर पुरं झालेलं दिसलं असतं, तर दुसरी एखादी बाई देवाचे आभार मानून मोकळी झाली असती. अश्लेषाच्या मनात पाल चुकचुकली.

गुरुवारची दुपार होती. फुनाबोरीतल्या सहाव्या मजल्यावरच्या घरात चार वर्षांची आर्या औषधाच्या गुंगीत एकदाची झोपली होती. कपाळावर गार जेलची निळी पट्टी, तोंड उघडं. तिच्या पायाशी बसून अश्लेषाने लॅपटॉप उघडला. कॉलेजचं चौदा नंबरचं काम अर्धवट राहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहुण्यांसमोर दाखवायचं होतं. पोर उठेपर्यंत फार तर दीड तास मिळणार. ती पदर खोचल्यासारखी बसली आणि बघते तो काय, काम झालेलं. तेही नीट, तिने केलं असतं त्याहून नीट. खाली नोंद होती: बुधवार, संध्याकाळचे सहा बावन्न, अश्लेषा.

बुधवारी सहा बावन्नला अश्लेषा स्टेशनजवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे आर्याला मांडीवर घेऊन बसली होती. एका हातात उलटीची पिशवी, दुसऱ्या हातात नंबराचा कागद. अशा अवस्थेत तिने कोड लिहिला असता तर जगाने तिची आरतीच ओवाळली असती.

नवऱ्याच्या, सुशीलच्या कॉन्ट्रॅक्टवर तिघं पुण्याहून इथे जपानात आली त्याला तीन वर्षं होत आली होती. दोन वर्षं घरात बसून काढल्यावर अश्लेषाने इचिकावातल्या एका कॉलेजात सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तिथे लेखी परीक्षा कमी आणि टीम करून खरंखुरं काम करायचं जास्त. तिच्या टीममध्ये चौघं होते. मोरिता-सान सेहेचाळीस वर्षांचे. एका मोठ्या कंपनीत एकोणीस वर्षं काढून, ती सोडून, पुन्हा विद्यार्थी झालेले. का सोडली ते कोणी विचारत नसे. कान्नो-सान बावीस वर्षांची, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारी. आणि साताऱ्याचा अद्वय, चोवीस वर्षांचा, ज्याला गप्प बसणं ही शिक्षा वाटे.

काम तसं गमतीचं होतं. इथे गल्लीगल्लीत रहिवाशांचं मंडळ असतं आणि मंडळाच्या सूचना लावलेली एक पाटी घरोघर फिरते. आपण वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याच्या दाराशी ठेवायची. कॉलेजजवळच्या एका मंडळाची ही पाटी मोबाइलवर आणायची होती. त्यासाठी पहिले दोन आठवडे दिले होते; ह्या मुदतीला स्प्रिंट म्हणायचं. कामाचे तुकडे कार्डांवर लिहून फळ्यावर चिकटवलेले, फळ्याचे तीन रकाने: करायचं, चालू आहे, झालं. रोज पाच वाजता कान्नो-सान फळ्याचा फोटो काढून सेन्सेइंना, म्हणजे त्यांच्या प्राध्यापकबाईंना पाठवायची.

चौदा नंबरचं कार्ड अश्लेषाचं. पाटी सध्या कोणाच्या घरी अडकून पडली आहे ते दाखवणारं पान.

बुधवारी पावणेचारला होइकुएनमधून, आर्याच्या पाळणाघरातून, फोन आला. आर्याला अडतीस पॉइंट एक ताप. अश्लेषाला आश्चर्य वाटलं नाही, कारण सकाळीच सदतीस पॉइंट तीन होता. पण पाळणाघराच्या वहीत तिने छत्तीस पॉइंट आठ लिहिला होता. साडेसदतीसला ते घरी न्यायला बोलावतात, आणि त्याच्या जवळपासचा आकडा लिहिला की दारातूनच चेहरे बदलतात. आईने आकडा थोडा खाली ओढला तर कोणाचं काय जातं, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

टीमला तिने ‘जरा काम आहे’ एवढंच सांगितलं. मुलीचं नाव घेतलं नाही. ते तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं: पोराबाळांची बाई आहे, हिला हलकं काम द्या, हे ह्यांच्या तोंडून ऐकायचं नाही. सॅक खांद्याला लावून निघताना फळ्यावर नजर गेली. मधल्या रकान्यात एकच कार्ड उरलं होतं, तिचं. पाच वाजता फोटो जाणार. तिने ते काढलं आणि ‘झालं’मध्ये लावलं. संध्याकाळी घरून करून टाकू. पुण्याच्या ऑफिसात चार वर्षं तिने हेच केलं होतं, सगळेच करत होते: आधी झालं म्हणायचं, मग करायचं. आकाश कधी कोसळलं नव्हतं.

फरक इतकाच की इथे पहिल्या दिवशी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. न झालेलं काम झालं म्हणून, किंवा एकाने केलेलं दुसऱ्याच्या नावावर दाखवणाऱ्याला प्रकल्पातून कमी करण्यात येईल, पुढच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे नवं शैक्षणिक वर्ष लागेपर्यंत. अश्लेषाने न वाचता सही केली नव्हती, ती सगळं वाचते. प्रकल्प गेला की कॉलेजचा दाखला गेला. दाखला गेला की वॉर्ड ऑफिस पाळणाघरातली जागा काढून घेणार, जी अकरा महिने वाट पाहून मिळाली होती. म्हणजे अभ्यास नाही म्हणून पाळणाघर नाही, आणि मग पाळणाघर नाही म्हणून अभ्यास नाही. पुन्हा त्याच दोन खोल्या.

आणि आता कोणीतरी तिचं काम करून ठेवलं होतं. कोणीतरी, म्हणजे ज्याला कार्ड खोटं असल्याचं कळलं होतं.

संध्याकाळी सुशील आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो मोजे काढत ऐकत होता. काम झालं ना, मग तुला त्रास कसला, असं त्याचं म्हणणं. पुरुषांना बरं असतं, असं तिच्या मनात आलं.

“फुकटात कोणी कोणाचं काम करतं का रे?” ती म्हणाली. “आणि केलंच, तर सांगत नाही? दिवसभरात एक मेसेज नाही. ज्याने केलं त्याने ते राखून ठेवलंय.”

“विचार मग सरळ.”

“काय विचारू? माझं न झालेलं काम कोणी केलं, असं? म्हणजे मीच कबूल करायचं.”

सुशील आर्याचा ताप बघायला गेला.

विचार करण्यासारखं खूप होतं आणि अश्लेषाने तो सगळा केला. घाईत निघताना ती खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर आपलं अकाउंट उघडंच ठेवून आली होती. त्यावरूनच कोणीतरी हे केलं. त्या कॉम्प्युटरशेजारी कोण बसतं? अद्वय. सेन्सेइंकडे एका मदतनिसाची अर्धवेळ नोकरी निघाली होती, ती कोणाला हवी होती? अद्वयला, त्याने ते दहा वेळा बोलून दाखवलं होतं. आणि बुधवारी ती दारातून बाहेर पडताना मराठीत कोण म्हणालं होतं, “ताई, कार्ड लई जोरात पळालं आज”? तेव्हा ती हसली होती. आता त्या वाक्याला दात फुटले.

मोरिता-सान असं काही करणार नाहीत, ते नियमाचे माणूस. कान्नो-सान दुसऱ्याच्या खुर्चीवरसुद्धा बसत नाही. राहता राहिला आपला माणूस. परदेशात आपल्याला आपल्याच माणसाची भीती जास्त असते, कारण तो आपल्याला ओळखतो.

शुक्रवारी आर्याचा ताप उतरला होता, पण पाळणाघराच्या नियमाप्रमाणे अजून एक दिवस घरी. सुशीलने घरून काम घेतलं. अश्लेषा सव्वाआठलाच कॉलेजात पोचली. खिडकीजवळचा कॉम्प्युटर बंद होता, खुर्ची नीट आत सारलेली. तिने कीबोर्ड तिरका करून हळूच आपटला. दोन बटणांच्या मधून भाकरवडीचा चुरा पडला.

भाकरवडीचं पाकीट तिनेच आणलं होतं, ओळख झाली म्हणून. कान्नो-सानने एक खाऊन पाण्याची बाटली संपवली होती. मोरिता-साननी छान आहे, तिखट आहे म्हणत उरलेली अर्धी रुमालात गुंडाळली होती. पाकीट तेव्हापासून कपाटात होतं. तिने ते उघडून पाहिलं. तळाशी चार उरल्या होत्या. एवढ्या भाकरवड्या खाणारा ह्या खोलीत दुसरा कोण? खाई त्याला खवखवे म्हणतात. आज बघूच, कोणाला खवखवतं.

अद्वय आला तो नेहमीसारखाच. मुलगी कशी आहे, त्याने विचारलं. अश्लेषाने कान टवकारले. ह्याला कोणी सांगितलं? फुनाबोरीतल्या ओळखीच्या सुचेतावहिनींनी, तो म्हणाला. त्या परवा क्लिनिकच्या बाहेर दिसल्या म्हणाल्या. म्हणजे ती त्या वेळी क्लिनिकमध्ये होती हेही ह्याला माहीत. तिने बरी आहे म्हणून विषय तोडला आणि मनातल्या यादीत आणखी एक ओळ वाढली.

दहाला मंडळाच्या हागिवारा-सान आल्या, पंच्याहत्तरीच्या, टोपी हातात धरून. टीमने एकेक पान दाखवलं. चौदा नंबरचं पान उघडलं तेव्हा अश्लेषाने पडद्याकडे पाहिलंच नाही, तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मोरिता-सान जमिनीकडे बघत होते. कान्नो-सान वहीत लिहीत होती. अद्वय तिच्याकडे बघत होता. नजरानजर झाली तसा तो दुसरीकडे बघू लागला.

हागिवारा-साननी चष्मा वर करून ते पान निरखलं. नकाशावर एक घर लाल दिसत होतं, पाटी तिथे चार दिवस अडकलेली. त्यांनी खूप कौतुक केलं, मान तीनदा लववली, आणि मग अतिशय नम्रपणे म्हणाल्या की हे पान काढता येईल का. पाटी कोणाकडे अडकली आहे ते गल्लीत सगळ्यांना माहीतच असतं. ते असं लाल करून दाखवायचं नसतं.

ज्या पानापायी अश्लेषाची दोन दिवसांची झोप गेली होती ते पान अर्ध्या मिनिटात गेलं.

दुपारी दीडला मागे वळून बघायची बैठक होती. स्प्रिंट संपला की ती करायचीच: काय टिकवायचं, काय चुकलं, पुढे काय करून बघायचं. प्रत्येकाने सात मिनिटं न बोलता चिठ्ठ्या लिहायच्या. टिकवायचं ते पिवळ्यावर, चुकलं ते गुलाबी, करून बघायचं ते निळ्या. कोणाचं नाव घालायचं नाही, खाली आपलं लिहायचं नाही. सेन्सेइ कोपऱ्यात बसून ऐकणार.

अश्लेषाने पिवळ्या दोन भराभर लिहिल्या. गुलाबी चिठ्ठी समोर ठेवून ती थांबली. अद्वयने आज कार्डाचा विषय काढलाच तर काय? मग आपण आधी बोललेलं बरं. एकदा दुसऱ्याच्या अकाउंटचा मुद्दा फळ्यावर गेला की तो कार्डाबद्दल बोलेल ते सूडाने बोलतोय असं दिसेल. ह्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात हे तिला कळत होतं. तरी तिने जपानीत लिहिलं: ‘दुसऱ्याच्या अकाउंटवरून काम करणं बरोबर नाही.’ एकेक अक्षर जपून, रेघा मोजून.

चिठ्ठ्या गोळा झाल्या. कान्नो-सानचं काम सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावायचं. पिवळ्या झाल्या, मग गुलाबी. अश्लेषाची चिठ्ठी तिने फळ्यावर लावली, हातातल्या गठ्ठ्यातून आणखी एक काढून वाचली, क्षणभर थांबली आणि ती अश्लेषाच्या चिठ्ठीला चिकटून लावली. दोन्हींभोवती मार्करने एक गोल काढला.

दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मी दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने तिचं काम पूर्ण केलं आणि कोणालाही सांगितलं नाही.’

अक्षर सुरेख होतं. पन्नाशीकडे झुकलेल्या, शाळेत ब्रशने लिहिणं गिरवलेल्या माणसाचं.

अश्लेषाने अद्वयकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या गुलाबी चिठ्ठीकडे बघत होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मोरिता-सान उठून उभे राहिले. ते म्हणाले की बुधवारी ते एक कॉम्प्युटर बंद करायला गेले. तो दुसऱ्याच्या नावाने उघडा होता, काम अर्धं दिसत होतं आणि फळ्यावर कार्ड मात्र ‘झालं’मध्ये होतं. बंद करायचं सोडून ते बसले आणि पुरं केलं. कंपनीत एकोणीस वर्षं ते हेच करत आले होते. हाताखालचं कोणी काही अर्धं टाकून गेलं की सगळे गेल्यावर ते पुरं करायचं आणि दुसऱ्या दिवशी काही बोलायचं नाही. कोणी काही शिकलं नाही, त्यांचं घरी जाणं मात्र बंद झालं. एक दिवस सकाळी ऑफिसच्या स्टेशनवर उतरले आणि बाकावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. त्यानंतर राजीनामा.

“त्या व्यक्तीसाठी केलं असं कृपा करून समजू नका,” ते म्हणाले. “अर्धं राहिलेलं मला बघवत नाही. तो माझा आजार आहे. इथे तरी तो होणार नाही असं वाटलं होतं.” त्यांनी मान लववली. “आणि तो भारतातला खाऊ. तो बहुतेक सगळा मीच खाल्ला. क्षमा असावी.”

कोणी हसलं नाही. सेन्सेइंनी विचारलं, कोणाच्या नावाने केलं.

ते सांगणार नाही, मोरिता-सान म्हणाले.

सेन्सेइंनी समोरची फाइल उघडली. सह्यांचा तोच कागद. त्या म्हणाल्या की मग जेवढं समोर आलं आहे तेवढ्याचाच विचार करावा लागेल. एकाने आपल्या हाताने चूक लिहून दिली आहे, आणि शेजारच्या चिठ्ठीवरून दिसतं की आणखी कोणालातरी हे ठाऊक होतं आणि खटकलं होतं.

शेजारची चिठ्ठी. म्हणजे अश्लेषाची. तिने अद्वयसाठी उचललेला दगड मोरिता-सानच्या डोक्यावर पडत होता, आणि साक्षीदार म्हणून तिलाच उभं केलं जात होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं. मोरिता-सान बोलणार नाहीत. अद्वयला काही माहीत असेल तरी तोही बहुतेक बोलणार नाही, हे तिला आत्ता, त्याच्या लाल कानांकडे बघून, कळत होतं. पाळणाघरातला, आर्याची पिशवी टांगायचा हूक तिच्या डोळ्यांपुढे आला. त्यावर ससा चिकटवला होता, अकरा महिन्यांनी मिळालेला ससा.

“ते कार्ड माझं होतं,” अश्लेषा म्हणाली. “झालं नव्हतं. मी लावलं.”

का, सेन्सेइंनी विचारलं.

“मुलीला ताप होता.”

“मग ते का नाही सांगितलं?”

ह्याचं उत्तर तिला जपानीत देता येईना. मग लक्षात आलं की मराठीतही येत नाही.

कान्नो-सानने हात वर केला, शाळेतल्यासारखा. बुधवारी पाच वाजता फोटो काढायच्या आधी तिने चौदा नंबरचं पान उघडून बघितलं होतं. ते उघडत नव्हतं. तरी तिने फोटो पाठवला. एवढं सांगून तिने हात खाली घेतला. मग अद्वय म्हणाला की त्याने तर कार्ड सरकताना डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने मस्करी केली, विचारलं नाही.

सेन्सेइंनी फाइल मिटली. नियमाप्रमाणे दोघांना काढायला हवं आणि उरलेल्या दोघांना का ठेवावं ह्याचं कारण मला सापडत नाही, त्या म्हणाल्या. मग हा स्प्रिंट शून्य. चौघांनाही. गुण नाहीत, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. अश्लेषा-सान आणि मोरिता-सान लेखी अहवाल देतील. दाखल्याला हात लागणार नाही, ह्या खेपेला. पुढच्या वेळी असं कार्ड दिसलं तर मी कारण विचारणार नाही.

त्या गेल्यावर मोरिता-साननी एक निळी चिठ्ठी लिहून फळ्यावर लावली: ‘अर्ध्या कार्डावर अर्धं असं लिहावं. मागितल्याशिवाय दुसऱ्याने हात लावू नये.’ लावून झाल्यावर ते ती जरा लांबून बघत उभे राहिले, औषधाच्या बाटलीवरची सूचना बघावी तसे.

स्टेशनकडे जाताना अद्वय तिच्याबरोबर होता. दुसऱ्या सिग्नलपाशी त्याने विचारलं.

“ती चिठ्ठी माझ्यासाठी होती ना, ताई?”

खोटं बोलायची सवय असूनही तिला ते जमलं नाही. “हो.”

“लावली तेव्हाच कळलं. बिननावाची म्हणे. आपल्या दोघांचं अक्षर इथे पहिलीतल्या पोरांसारखं. माझी नाही म्हटल्यावर तुमचीच.”

“मला वाटलं तू ते सगळं जमवून ठेवतोयस. त्या नोकरीसाठी.”

“ती नोकरी परवाच दुसऱ्याला लागली. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.” तो थोडा पुढे गेला, मग थांबला. “सकाळी आजीबाई बोलल्या ना, पाटी कोणाकडे अडकलीय ते सगळ्यांना माहीत असतं. मला तेव्हाच हसू येत होतं. पण तुम्ही अशा बघत होता, म्हटलं आज हसलो तर मेलो.”

तिने त्याला सॉरी म्हटलं. तो असू दे म्हणाला, पण नेहमीसारखा तिच्याबरोबर फुनाबोरीपर्यंत आला नाही. एक काम आहे म्हणाला आणि मोतोयावाता स्टेशनाशीच दुकानांकडे वळला. काम असेलही. ट्रेनमध्ये बसल्यावर अश्लेषाला वाटलं, नसेलही, आणि त्याचा आपल्याला राग यायचं कारण नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी आर्याच्या काखेतला थर्मामीटर सदतीस पॉइंट चार दाखवत होता. अश्लेषाने पाळणाघराची वही उघडली. पेन छत्तीसवर टेकलं, उचललं, आणि तिने होता तो आकडा लिहिला. दारातल्या बाईंनी वही वाचली आणि अश्लेषा ज्याला घाबरत होती नेमका तोच चेहरा केला. आज घरी ठेवणं जमेल का, त्यांनी हळूच विचारलं. आर्या तोवर एका पायातला बूट काढून मोकळी झाली होती. तिने जपानीत सांगून टाकलं की मी बरी आहे, आईलाच बरं नाहीये.

घरी येऊन अश्लेषाने टीमच्या ग्रुपवर लिहिलं: मुलीला ताप आहे, आज येत नाही, नऊ नंबरचं कार्ड अर्धं आहे. पाठवायच्या आधी ते तिने चार वेळा वाचलं. मोरिता-सानचं उत्तर मिनिटभरात आलं, समजलं म्हणून. कान्नो-सानचा अंगठा. अद्वयचं काहीच नाही.

आर्या झोपल्यावर तिने लॅपटॉप उघडून नऊ नंबरच्या नोंदी बघितल्या. काही नव्हतं. तीन वाजता पुन्हा बघितल्या. मोरिता-सान आत्ता त्या खोलीत असणार, तिच्या अर्ध्या कामापासून चार हातांवर. त्यांच्या हाताला किती खाज सुटली असेल. पाच वाजता कान्नो-सानने फोटो पाठवला. नऊ नंबरचं कार्ड मधल्या रकान्यात एकटंच होतं, कोपऱ्यात कोणीतरी लिहिलेलं: अर्धं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं होतं. शेजारी एक भाकरवडी काढलेली, किंवा ती गोगलगाय असेल.

साडेसहाला तिने शेवटच्या वेळी नोंदी तपासल्या. शेवटची नोंद कालची, दुपारी चार दहा, तिची स्वतःची. पुढे कोणी एक अक्षर घातलं नव्हतं. ते अर्धं काम तिने सोडलं होतं तिथेच, तसंच पडून होतं. तिने लॅपटॉप मिटला आणि मऊ भात टाकायला उठली.